तापाचा रकाना

तेरवणकोंडात कोणी वारलं की तीन दिवसांच्या आत घरचा एक माणूस आत्माराम पाटलाच्या पडवीत येऊन बसायचा. आत्माराम मरणाची वही काढायचा. नाव, वय, तारीख विचारायचा आणि मग विचारायचा, "कशानं?" वहीत कारणांचे रकाने छापलेले होते. पटकी, देवी, प्लेग, हगवण, ताप, बाळंतपण, अपघात, इतर. ज्या कारणानं माणूस गेला त्या रकान्यात एक उभी रेघ मारायची, आणि महिनाअखेर नक्कल देवरूखला धाडायची. त्याच्या बापानं हे काम तीस वर्षं केलं. त्यालाही आता बारा वर्षं झाली होती.

१९३८ सालच्या शिमग्याला दहा दिवस राहिले होते तेव्हा लवू सकाळीच पडवीत आला. लवू पूर्वी मुंबईला गिरणीत होता. संपात त्याची नोकरी गेली, पण सभा भरवायची सवय गेली नाही. गावातले काँग्रेसचे सगळे सभासद त्यानेच केलेले. आत्माराम पोलीसपाटील, म्हणजे सरकारचा माणूस, म्हणून तेवढा बाहेर राहिला होता.

"पाटीलदादा, ती मरणाची वही जरा बघायचीय," लवू म्हणाला.

"का रे? कोणाला मारलंस?"

"अजून न्हाय. ऐका तर. मुंबईच्या नव्या सरकारनं जिल्ह्याला दवाखान्यांसाठी रक्कम दिलीय. आपल्या तालुक्याला एक दवाखाना मिळणार, आणि तिथं शिकलेली नर्स, बारा महिने गावात राहणारी. कुठं द्यायचा ते रत्नागिरीला लोकल बोर्ड ठरवणार. पण बोर्ड आपल्या काँग्रेसच्या तालुका कमिटीचं ऐकतं. सोनगिऱ्याचा बाळा शेट्ये मागतोय आणि मी मागतोय. चिटणीस भिकाजीराव म्हणाले, जिथं बाळंतपणात जास्त बाया गेल्या तिथं आधी. दहा वर्षांचा आकडा आणा म्हणाले."

आत्मारामनं वही काढली आणि दोघे पानं उलटू लागले. लवूचं बोट बाळंतपणाच्या रकान्यातून खाली उतरत गेलं. पान संपलं, दुसरं पान संपलं. दहा वर्षं संपली. रकाना कोरा होता.

"ह्या काय?" लवू म्हणाला. "शिवाची पहिली बायको? यमुनाकाकीची लेक काशी?"

आत्मारामनं शेजारचा रकाना दाखवला. तापाच्या रकान्यात रेघांची दाटी होती.

हे कोणाला फसवायला केलेलं नव्हतं. मुलखात समज असा की, पोटात मूल घेऊन किंवा बाळंतपणात बाई गेली की तिची अळवंत होते आणि घराकडे परत येते. मग तिला नेताना वाटेवर मोहरी टाकायची, उंबऱ्यात खिळे मारायचे. त्या घरात कोणी मुलगी देत नाही, त्या घरची कोणी करत नाही. म्हणून बाप नाहीतर नवरा पडवीत येऊन मान खाली घालून सांगायचा, "पाटील, ताप लिवा." आणि आत्माराम लिहायचा. बापानेही तेच केलं होतं. गेलेल्या बाईला एवढं तरी द्यावं, असं त्याला वाटायचं.

शेवटच्या भरलेल्या पानावर लवूचं बोट थांबलं. जनी आत्माराम. वय पस्तीस. ताप.

लवूनं बोट उचललं. श्रावणात जनीची डोली उचलणाऱ्या चौघांत तो होता. मूल आडवं आलं होतं. दोन दिवस झटून गोदा सुईण म्हणाली होती, "आता माझ्या हातचं न्हाय, देवरूखला न्या." नदीला पाणी चढलेलं. ते उतरायची वाट बघत डोली अलीकडच्या काठावर फणसाखाली ठेवली. दुपारी पाणी उतरलं, पण त्याच्या आधीच जनी गेली होती. तिसऱ्या दिवशी आत्मारामनं स्वतःच्या हातानं ताप लिहिला. कशानं, हे विचारायला समोर कोणी नव्हतं.

"मग आता नक्कल काय देणार?" लवूनं विचारलं.

"वहीत हाय ती."

"म्हणजे शून्य घेऊन जाऊ मी?"

"जा. मी येतो बरोबर."

रविवारी देवरूखला भिकाजीरावांच्या दुकानाच्या माडीवर कमिटी बसली. भिकाजीराव किराणा विकणारा माणूस, बोलणं तोलून. आधी तासभर पैशावरच वाद झाला. एकजण म्हणाला, दारूबंदी आली की सरकारचं दारूचं उत्पन्न जाणार, मग दवाखाने चालणार कशावर? दुसरा म्हणाला, "शेतसारा कमी करा म्हणून आपणच ओरडलो. आता दवाखाने वाढवा म्हणून आपणच ओरडतो. थैली एकच आहे."

"म्हणूनच एक मागतोय," भिकाजीराव म्हणाले. "दहा मागितले तर एकही मिळणार नाही. वाचतो आता. सोनगिरे, दहा वर्षांत बाळंतपणात मृत्यू, अकरा. तेरवणकोंड..." त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "निरंक."

बाळा शेट्ये हसला. "मग यांच्या सुईणीलाच आमच्याकडे पाठवा, भिकाजीराव. दवाखान्याचा खर्च वाचेल."

माडीवर हशा झाला. आत्माराम मागे भिंतीला टेकून बसला होता, तो उभा राहिला.

"नक्कल बरोबर आहे," तो म्हणाला. "वही खोटी आहे."

मग त्यानं काय होतं ते सांगितलं. ताप कसा लिहिला जातो, का लिहिला जातो, सगळं. भिकाजीरावांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पाटील, तुमचं खरं असेल. पण काल वहीत एक होतं आणि आज दवाखाना येतोय म्हणून दुसरं सांगता, असं बोर्डात कोणीही म्हणेल. मी तिथे काय उत्तर देऊ?"

"काय आणू म्हणजे चालेल?"

"घरोघरचं सांगणं. बाईचं नाव, साल, घरच्या माणसाची सही नाहीतर अंगठा. पुढच्या रविवारी. आणि एक लक्षात ठेवा. तो कागद वर गेला की मामलेदार तुम्हाला विचारणार, बारा वर्षं खोटं का लिहिलंत."

"विचारू देत," आत्माराम म्हणाला.

दोन दिवस तो वाडीवाडीतून हिंडला. शिमग्यासाठी मुंबईचे चाकरमानी आले होते, त्यामुळे घराघरात पुरुष माणूस होतं. सगळ्यांनी त्याला बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं, आणि कोणीही अंगठा दिला नाही.

शिवा म्हणाला, "दादा, माझी दुसरी बायको आहे आता. तिच्या माहेरी कळलं तर?"

यमुनाकाकी तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. "माझी काशी तापान गेली. तूच लिवलंस."

"काकी, मी काय लिवलं ते मला ठाव हाय."

"मग पुसू नको."

परत येताना त्याला बांधावर गोदा सुईण भेटली. म्हातारी झाली होती, पण जीभ तशीच होती.

"काय रे पाटला, अंगठे गोळा करतोस म्हणे. मिळाले किती?"

"एकपण न्हाय."

"मिळायचे कसे? तू लोकांच्या बायांची नावं मागत फिरतोस. तुझ्या घरातलं नाव अजून तापातच हाय."

आत्माराम बांधावर उभा राहिला. गोदा पुढे निघून गेली. जनीचं नाव कोणी अळवंत म्हणून घेतलेलं त्याला सोसणार नव्हतं. गेल्या सात महिन्यांत त्यानं तिच्यासाठी केलेली एवढी एकच गोष्ट होती, ती तापाची रेघ. तीच आता पुसायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालखीच्या मानाची बोलणी करायला गावकी देवळापुढे बसली. पुरुष पुढे, बायका देवळाच्या पायऱ्यांवर. मानाचं ठरलं. लोक उठू लागले तेव्हा आत्माराम वही आणि दौत घेऊन मधे आला.

"बसा जरा," तो म्हणाला. "माझं एक काम हाय."

त्यानं वही जमिनीवर उघडली, गुडघ्यावर बसला आणि लिहिता लिहिताच मोठ्यानं बोलला. "जनी, माझी बायको. श्रावणात बाळंतपणात गेली. मूल आडवं होतं. दोन दिवस अडली. ताप नव्हता. मी खोटं लिवलं होतं, ते मी खोडतोय."

मग शिवा बोलला, आणि त्याचा आवाज चढला होता. "म्हणजे वाटेवर मोहरी टाकायची राहिली म्हणा. माझ्या पोरी त्याच वाटेनं पाण्याला जातात, दादा. तिठ्यावर खिळे तरी मारायला हवेत."

लवू उठत होता. आत्मारामनं हातानं त्याला खाली बसवलं.

"मार," तो शिवाला म्हणाला. "पण माझ्या उंबऱ्यात नको मारूस. तिला घरची वाट ठाव हाय. सात महिने मी दाराला कडी लावली न्हाय. ती आली न्हाय, शिवा. आली असती तर मला बरं वाटलं असतं."

शिवानं मान फिरवली.

"ती येणार न्हाय," आत्माराम पुढे म्हणाला. "नदीच्या अलीकडे गेली ती, पलीकडे डॉक्टर होता. आता अलीकडे कोणीतरी येईल, पण आपल्या गावात बाया मरतात हे सरकारला ठावच न्हाय. मीच ठाव होऊ दिलं न्हाय. माझ्या वहीत बघितलंत तर तेरवणकोंड म्हणजे बाळंतिणीचा स्वर्ग."

कोणीतरी हसलं, आणि लगेच गप्प झालं.

पायऱ्यांवर हालचाल झाली. यमुनाकाकी उतरून पुरुषांच्या मधून आली. तसं बायका येत नसत. तिनं वहीकडे पाहिलं, पण तिला वाचता येत नव्हतं.

"काशीचं पान काढ," ती म्हणाली. "झिलगा जन्मला होता तिला, इवला पोरगा, तिच्याबरोबरच गेला. तो पण लिव. त्याचं कुठं लिवलेलं न्हाय."

"लिवतो, काकी."

"अंगठा कुठं करू?"

त्यानंतर घाई झाली नाही. एक घर यायचं, मग बराच वेळ कोणी नाही, मग दुसरं. पान शोधायला साल आठवत नसेल तर गोदा मागून सांगायची, "मोठा वारा झाला ते वर्ष," नाहीतर "देवळाची कौलं बदलली त्या सालात." दोन घरं आली नाहीत, आणि आत्मारामनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळ्यांच्या शेवटी शिवा आला. त्याला सही येत होती. सही करून तो म्हणाला, "तिचं नाव सावित्री. तुम्ही सगळे शिवाची पहिली म्हणता."

"वहीत सावित्रीच हाय," आत्माराम म्हणाला.

रविवारी माडीवर नऊ नावं गेली. भिकाजीराव म्हणाले, नावं वाचायची गरज नाही, आकडा पुरे. आत्मारामनं तरीही सगळी नावं वाचली. बाळा शेट्ये या वेळी हसला नाही, पण हटलाही नाही.

"वाईट वाटतं, पाटील. पण आमच्या अकरा, तुमच्या नऊ. अकरा जास्त असतात."

"असतात," आत्माराम म्हणाला. "तुमचं गाव केवढं आणि आमचं केवढं? तुमच्याकडे बाजार आहे, हजार उंबरे आहेत. आमचे ऐंशी. तुमच्याकडून देवरूखला मोटार येते, तासात. आमच्याकडून डोली. उन्हाळ्यात सहा तास, पावसात नदी म्हणेल तेव्हा. तुम्हाला दवाखाना नको असं मी म्हणत नाही, शेटजी. तुम्हाला आधी नको म्हणतो."

हात वर झाले. सोनगिऱ्याला पाच, तेरवणकोंडला सात. लवूनं हात दोनदा मोजले आणि मग खाली बघून नाक पुसलं.

चैत्रात बोर्डानं मंजुरी दिली, पण अर्धीच. नर्स मिळाली, डॉक्टर महिन्यातून एकदा येणार, आणि जागा गावानं द्यायची. गावानं देवळामागची धर्मशाळा शाकारून दिली. वैशाखात नर्स डोक्यावर ट्रंक घेतलेल्या गड्यामागून चालत आली. गोदानं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "बाय, हातांची नखं कापतेस ना रोज?" नर्सनं दोन्ही हात पुढे करून दाखवले. म्हातारीनं ते उलटसुलट करून पाहिले आणि ट्रंक आत न्यायला सांगितलं.

त्याच महिन्यात मामलेदारांनी आत्मारामला बोलावलं. खोटी नोंद का केली, असा एकच प्रश्न होता. "लोकांची लाज राखायला," आत्माराम म्हणाला. मामलेदार वाईट माणूस नव्हता, पण त्याच्यापुढेही कागद होता. पाटीलकी गेली. आत्मारामनं वही कारकुनाच्या हातात दिली आणि पावती घेतली.

कचेरीतून तो सरळ भिकाजीरावांच्या दुकानात गेला. "आता मी सरकारचा माणूस नाही," तो म्हणाला. "माझं नाव सभासदांत घाला."

भिकाजीरावांनी नाव घातलं. "पुढच्या साली तालुक्याला आणखी एक दवाखाना मागायचाय," ते म्हणाले. "बोर्ड पुन्हा आकडेच विचारणार. कुठून आणायचे?"

"सगळीकडून," आत्माराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो आणि लवू नदी ओलांडून पलीकडच्या कोंडात गेले. नदीला आता गुडघाभर पाणी होतं. फणसाजवळ आत्माराम थांबला नाही, पण त्याची पावलं हळू झाली, आणि लवू जरा मागे राहिला. पलीकडच्या गावाचा पाटील त्याचा जुना ओळखीचा. त्यानं दोघांना ओटीवर बसवलं, गूळ-पाणी दिलं, कशासाठी आलात ते ऐकलं.

"आमच्याकडे तसलं काही नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे आपला साधा ताप."

आत्मारामनं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "गेल्या साली तुमची भावजय गेली," तो म्हणाला. "तिला कधीपासून ताप होता?"