वर धरलेली पिन

रेकॉर्ड घेणाऱ्यानं ती आधी ऐकावी, एवढी एकच अट माझ्या दुकानात आहे. संत तुकाराम नगरला माझा छोटा गाळा आहे. जुन्या रेकॉर्डी विकतो. काही भंगारवाल्याकडून येतात, काही घर पाडायच्या आधी लोक माळ्यावरून काढून आणतात. मी त्या साबणाच्या कोमट पाण्यानं धुतो, मधला कागद भिजू देत नाही, सावलीत वाळवतो आणि वाजवून बघतो. गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर परत वाजवतो. कुठं खरखरते, कुठं पिन अडकते, ते त्याला त्याच्या कानानं कळू दे. मग घे, नाहीतर ठेव. रेकॉर्ड ही ऐकायची वस्तू आहे. आणि हे लोकांना सांगावं लागतं, याचाच मला संताप येतो.

हल्ली निम्मे लोक ऐकायला येतच नाहीत. कुणाला भिंतीवर लावायच्या असतात, कुणाला मधे काटे बसवून घड्याळ करायचं असतं. हिंजवडीहून एक जोडपं आलं होतं. नवरा म्हणाला, "अंकल, सगळ्या काळ्याच आहेत का? आमचा सोफा निळा आहे." मी त्यांना बाहेरचा रस्ता दाखवला.

माझी बायको जमिला आतून म्हणाली, "असंच करा, चांदभाई. गिऱ्हाईक हाकला. संध्याकाळी रेकॉर्डीच तळून खाऊ." रागावली की तीही मला चांदभाई म्हणते.

दिवाळीनंतर सांगवीच्या एका घरातला गठ्ठा माझ्याकडं आला. त्यात एक छोटी रेकॉर्ड निघाली. मधल्या कागदावर छापलं होतं, 'भीमराज आणि पार्टी'. मी बसल्या जागेवरून उठलोच. दुकानाच्या आधी माझी लाउडस्पीकरची सर्व्हिस होती. एप्रिलमध्ये जयंतीला पिंपरीतल्या वस्त्यांत माझेच भोंगे झाडांवर चढायचे आणि त्यांतून हीच रेकॉर्ड वाजायची. एका बाजूला भीमराजचं जोशाचं गाणं. दुसऱ्या बाजूला बाबासाहेबांचा पाळणा. तो पाळणा भीमराजनं म्हटलेलाच नाही. त्याच्या बायकोनं, सोजरबाईंनी म्हटलाय, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकटीनं. कागदावर त्यांचं नाव नाही. त्या 'आणि पार्टी'त गेल्या.

भीमराज जाऊन बरीच वर्षं झाली. मी सोजरबाईंना बोलावून घेतलं. स्टुलावर बसून त्यांनी पाळणा ऐकला. म्हणाल्या, "परत लावा." परत ऐकला.

"आवाज लई पातळ हुता की माझा."

"चांगला होता. नातवाच्या मोबाइलमध्ये भरून देतो."

दिला. आठवड्यानं त्या पुन्हा आल्या, तोंड पाडून. "समद्यांनी ऐकलं. सून म्हनली, छान हाय आई. टीव्ही चालूच हुता तिचा. तसलं ऐकनं नको मला. चारचौघांत वाजू द्या एकदा. आन् आधी सांगा, ह्ये सोजरबाईनं म्हटलंय म्हनून. कागदावर न्हाई ते न्हाई, तोंडानं तरी सांगा."

"जयंतीला लावू."

"लावत्यात व्हय? इचारलं मी पोरांना. म्हनत्यात, आज्जी, याला बीट न्हाई. मग काय, मी मेल्यावर वाजवनार?"

"मरायची एवढी घाई कशाला?"

"मरायची न्हाई. वाजवायची घाई हाय."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी चाकणच्या एका कंपनीतून तेजस्विनी नावाची मुलगी दुकानात आली. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी मोठी कंपनी. जानेवारीत त्यांचा वार्षिक मेळावा होता, आणि यंदा सगळं जुन्या जमान्यासारखं करायचं ठरलं होतं. तिला प्लेअर हवा होता, टोपलीभर रेकॉर्डी हव्या होत्या आणि त्या वाजवणारा माणूसही हवा होता.

"तुम्हीच या ना काका. तुमचा लुक एकदम भारी आहे."

माझ्या तोंडावर गेल्या कित्येक वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. जमिला आत खुसखुसत होती. मी विचारलं, "लोक ऐकणार का?"

"म्हणजे काय! सगळ्यांच्या फॅमिली येणार आहेत."

मला सोजरबाई आठवल्या. त्यांचा नातू धम्मरत्न त्याच कंपनीत कंत्राटावर कामाला होता. मी तेजस्विनीला पाळणा ऐकवला आणि सगळी गोष्ट सांगितली. म्हणालो, "ही एक रेकॉर्ड वाजवायची आणि आधी बाईंचं नाव घ्यायचं. हे जमत असेल तरच मी येतो." तिनं डोळे मोठे केले. "किती गोड! नक्की वाजवू काका. मी स्वतः नाव घेते." आणि तिनं माझ्या हातावर हात ठेवला. तो शब्द मी खरा धरला.

मेळाव्याच्या दिवशी माझ्या मुलानं, अय्याजनं, टेम्पो काढला. प्लेअर, रेकॉर्डी, आणि लागलाच तर असावा म्हणून माझा जुना अँप्लिफायर, माइक आणि एक भोंगा. पुढं सोजरबाई आणि त्यांची सून भाग्यश्री. सोजरबाईंनी कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती. मोशीच्या पुढं गाड्या अडकल्या, तेव्हा त्या अय्याजला म्हणाल्या, "हॉर्न वाजव की. माझं गानं हाय आज."

कंपनीच्या दारात पहिला धक्का बसला. धम्मरत्न वेगळ्या रंगाचा शर्ट घालून पाण्याचे जार वाहत होता. मी विचारलं, "तुझी सुट्टी नाही का आज?"

"आमाला न्हाई, चाचा. मेळावा परमनंटवाल्यांचा. आमी खुर्च्या लावायला."

सोजरबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. त्या माझ्याबरोबर आल्या होत्या, म्हणून त्यांना आत घेतलं. नाहीतर नातवाच्या कंपनीत आजीला जागा नव्हती.

आत स्वागतकक्षात सत्यनारायणाची पूजा चालली होती. मैदानात मोठा स्टेज होता, आणि त्यावर पुठ्ठ्याची माणसाएवढी काळी रेकॉर्ड उभी केलेली. मला चकचकीत लाल कोट आणि टोपी दिली. कोट काखेत काचत होता. बाजूला जयदीप नावाचा डीजे लॅपटॉप उघडून बसला होता. मी अँप्लिफायर आणायला निघालो, तर तो म्हणाला, "नको चाचा, ते टेम्पोतच राहू दे. आमची सिस्टिम आहे."

"मग माझ्या प्लेअरची वायर कुठं लावू?"

"वायर कशाला? रेकॉर्ड नुसती फिरती ठेवा. लाइन माझी आहे."

मला काही कळेना. मी रेकॉर्ड चढवली, फिरवली आणि पिन खाली ठेवायला गेलो. त्यानं माझं मनगट धरलं.

"पिन वर धरा चाचा. खाली ठेवू नका. फिरताना दिसलं म्हणजे झालं."

माणसाला ताटावर बसवून म्हणावं, जेवू नका, नुसता घास तोंडाजवळ धरा, तसं ते होतं. मी तेजस्विनीला हाक मारली. ती धावत आली.

"काका, तो खरखर आवाज नको ना. लोकांना क्लीन साउंड लागतो. तुम्ही फक्त माहौल द्या."

"आणि सोजरबाईंचा पाळणा?"

"घेऊ ना, शेवटी घेऊ."

मी पिन वर धरून बसलो. सांगायला लाज वाटते, पण बसलो. पुढच्या रांगेत पांढऱ्या साडीतल्या सोजरबाई दिसत होत्या, म्हणून बसलो. जयदीपनं लॅपटॉपमधून कसलीशी धडधड लावली, आणि लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढायला लागले. एक बाई म्हणाली, "अंकल, स्माइल!" एकानं फिरत्या रेकॉर्डवर सरळ बोट टेकवलं. मी त्याचा हात झटकला, तर तो हसत म्हणाला, "अहो, वाजतेय कुठं ती!" त्याच्या बोलण्यात चूक काही नव्हती. त्यानं मला जास्तच झोंबलं.

हात भरून आला. शेवट जवळ आला, तशी मी पाळण्याची रेकॉर्ड काढली. तेवढ्यात एक साहेब स्टेजवर आले. त्यांनी ती माझ्या हातून घेतली, चष्मा वर करून कागद वाचला आणि तेजस्विनीला विचारलं, "हे जयंतीचं आहे का?"

मीच बोललो. "पाळणा आहे साहेब. या बाईंनी म्हटलाय."

"अहो, पण पॉलिटिकल काही नको. इथं सगळ्या प्रकारचे लोक आहेत."

"पाळण्यात कसलं पॉलिटिकल? सकाळी पूजा झाली, तेव्हाही सगळ्या प्रकारचेच लोक होते."

"ती परंपरा आहे."

"हीपण आमची परंपराच आहे. मी मुसलमान माणूस, जयंतीला वर्षानुवर्षं हा पाळणा मीच वाजवायचो."

साहेब हसले. लहान मुलाकडं बघून हसतात तसे. "काका, तुम्ही आर्टिस्ट लोक फार इमोशनल असता." आणि रेकॉर्ड माझ्या मांडीवर ठेवून ते खाली उतरले. तेजस्विनी तिथंच उभी होती. मी तिच्याकडं पाहिलं. ती मोबाइलकडं बघत म्हणाली, "सॉरी काका, माझ्या हातात नाही."

मग तो शब्द कुणाच्या हातात होता? हात तर तिनंच ठेवला होता.

धम्मरत्नला सगळं समजलं होतं. तो जार खाली ठेवून स्टेजमागं आला. "चाचा, वायर द्या. मी मिक्सरला लावतो. दोन मिन्टांचं काम हाय." मी वायर द्यायला हात पुढं केलाही. इतक्यात सोजरबाई खुर्च्यांमधून उठून आल्या. एवढ्या वयात त्या कशा धावल्या कोण जाणे. त्यांनी नातवाचा दंड पकडला.

"हात लावू नगंस. तुझी भाकर हाय हितं."

"आज्जी, पन..."

"पन न्हाई आन् बिन न्हाई. जार उचल. उद्या गेटवरनं परत पाठिवलं तर तुझ्या पोरीला काय पाळना गाऊन जेवू घालू?"

धम्मरत्ननं जार उचलला. त्याची मान खाली गेली, ती मला बघवेना. मी लाल कोट काढून खुर्चीवर टाकला, प्लेअर बंद करून उचलला, रेकॉर्डी टोपलीत भरल्या आणि भर कार्यक्रमात स्टेजवरून उतरलो. मला वाटलं, काही गडबड होईल. कुणी विचारेल, रेकॉर्डवाला कुठं चालला? कुणी विचारलं नाही. धडधड चालूच राहिली. मी वळून पाहिलं, तर माझ्या टेबलावर कुणीतरी पुठ्ठ्याची रेकॉर्ड आडवी ठेवली होती आणि लोक तिच्याबरोबर फोटो काढत होते.

माझ्यामागं सोजरबाई आणि भाग्यश्रीही गेटच्या बाहेर टेम्पोपाशी आल्या. भाग्यश्री सासूला म्हणाली, "जाऊ द्या ना आई. घरी ऐकू." सोजरबाई टेम्पोच्या पायरीवर बसून राहिल्या.

गेटसमोर रस्त्याच्या पलीकडं चहाची टपरी होती. तिथं गर्दी होती. ज्यांना आत बोलावणं नव्हतं ते सगळे तिथं होते. कंत्राटावरची पोरं, ट्रेलरचे ड्रायव्हर, शेजारच्या कंपन्यांतून शिफ्ट सुटलेले लोक. मी टपरीवाल्याला विचारलं, "भाऊ, एक प्लग मिळेल का?"

"कशाला?"

"गाणं लावायचंय."

"लावा की राव. आतलं ऐकून डोकं उठलंय."

अय्याजनं भोंगा टेम्पोच्या टपावर बांधला. अँप्लिफायर जोडला. कित्येक वर्षांनी त्याचा लाल दिवा लागला. वायर लावली, माइक लावला. मी रेकॉर्ड चढवली. सोजरबाई उठून पुढं आल्या, पदर नीट केला. मी माइक तोंडाशी धरला. "ऐका हो मंडळी. हा बाबासाहेबांचा पाळणा. म्हटलाय सोजरबाई भीमराज यांनी..."

नव्या मोटारी लादलेला लांबलचक ट्रेलर हॉर्न देत मधून गेला. कुणाला काही ऐकू आलं नाही.

"थांबा!" सोजरबाई कडाडल्या. "नावाच्या येळंलाच कडमडला मेला. जाऊ द्या त्याला. मग सांगा."

टपरीवर हशा पिकला. रस्ता मोकळा झाल्यावर मी परत नाव घेतलं आणि पिन ठेवली. आधी खरखर आली. मग तो पातळ आवाज भोंग्यातून बाहेर पडला आणि रस्ता ओलांडून कंपनीच्या भिंतीवर गेला. पोरं चहाचे कप हातात धरून उभी राहिली. भाग्यश्री सासूच्या तोंडाकडं बघत होती. गेटच्या आत, जाळीला लागून धम्मरत्न उभा होता. त्याला बाहेर यायचं नव्हतं आणि जाळीपासून हलायचंही नव्हतं.

दुसऱ्या कडव्याला गेटवरचा रखवालदार आला. "चाचा, बंद करा. साहेब ओरडतायत."

"साहेबांना सांग, रस्त्यावर वाजतंय. रस्ता कंपनीचा नाही."

तो गेला. पाळणा संपता संपता साहेब स्वतः बाहेर आले. कपाळावर पूजेचा टिळा, चेहरा लाल. "काय चाललंय हे? आत कार्यक्रम चालू आहे. किती वेळ हे लावणार तुम्ही?"

मी तोंड उघडणार, तोच सोजरबाईंनी मला हातानं मागं सारलं. त्या साहेबांच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या छातीलाही लागत नव्हत्या.

"गानं ऐकलं का तुमी?"

"आवाज येतोय ना आतपर्यंत!"

"कुनी म्हटलंय?"

साहेब माझ्याकडं बघायला लागले. मग रखवालदाराकडं. "मला काय माहीत?"

सोजरबाई वळल्या. "यांनी नाव ऐकलं न्हाई, चांदभाई. परत सांगा. आन् परत लावा."

मी माइक उचलला.