तीनशे युरोंचे वॉन

कुवेतमधल्या शुवैखच्या वर्कशॉपमधला वेल्डर विश्राम घाडी २००५ साली महिनाभराच्या ट्रेनिंगसाठी कोरियाला निघाला. त्याच्या कामावर खूश होऊन वर्कशॉपमधल्या एका इटालियन इंजिनिअरने त्याला तीनशे युरो बक्षीस दिले होते. त्यांचे कोरियन वॉन करून घ्यायला तो मनी एक्सचेंजमध्ये गेला. काउंटरवर श्रीवर्धनची रबिया होती.

"ताई, तुमची फी किती?"

"फी काहीच नाही," रबिया म्हणाली. "पण आधी युरोचे दिनार होणार, मग दिनारचे वॉन. दोन्ही वेळा भाव आमचा. बाजारभावाने पावणेचार लाख वॉन होतात. तुम्हांला मिळतील तीन लाख चाळीस हजार."

विश्रामचा चेहरा पडला. "आणि वर म्हणता फी नाही!"

"म्हणून तर सांगते, भाऊ. युरो तसेच घेऊन जा. तिकडे शहरातल्या बँकेत बदला, विमानतळावर नको. एकदाच बदलले की एकदाच कापले जातात."

मागे मॅनेजर मोठ्याने खाकरला. रबिया हसून वळली. "सर, गावी पैसे पाठवायला हे आपल्याकडेच येणार आहेत!"

बुसानच्या बँकेत विश्रामच्या हाती तीन लाख अडुसष्ट हजार वॉन पडले. अठ्ठावीस हजार वाचल्याच्या आनंदात त्याने सोबतच्या दोन वेल्डरांना भाजलेल्या बांगड्यांचं जेवण घातलं, आणि काटे काढता काढता रबियाची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली.