लाँड्रीत राहिलेला अकॉर्डियन

मी एक जुना अकॉर्डियन आहे, मित्रांनो. माझ्या भात्याला तीन ठिगळं आहेत आणि डावीकडची एक पट्टी दाबली, की सुराआधी खोकला येतो. तरी मी रडगाणं गायला बसलेलो नाही.

माझ्या पहिल्या मालकाने पडदे धुवायला टाकले, तेव्हा मलाही लाँड्रीच्या फळीवर ठेवलं. "पडदे न्यायला येईन, तेव्हा हाही नेतो," म्हणाला, आणि गेला तो गेलाच.

लाँड्रीवाल्या बाईंचा नियम कडक होता. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. पण त्यांच्या नऊ वर्षांच्या लेकीला सगळे भिंगरी म्हणत, ते उगाच नव्हे. ओल्या चादरी पिळताना बायका जी जुनी गाणी म्हणत, ती तिला तोंडपाठ होती. आईची पाठ वळली, की ती मला फळीवरून काढायची. एकदा माझ्या खोकल्यानेच तिची चोरी उघडी पाडली. आई तणतणत आली, माझा भाता उघडून बघते तर आत बुरशी!

"रोज हवा दे त्याला," ती म्हणाली. "पण तो आपला नाही. मालक आला, की मुकाट्याने द्यायचा."

भिंगरीने मला चौदा वर्षं हवा दिली. पुढे तिला ढोल वाजवणारी एक बस कंडक्टर आणि व्हायोलिन वाजवणारा एक सुतार भेटला. तिघांच्या पहिल्या कार्यक्रमाला अकरा माणसं होती, त्यातल्या चार लाँड्रीतल्याच बायका. मग लग्नांची कामं मिळाली, मग मोठी सभागृहं, आणि एक दिवस पिळणाऱ्या बायकांची गाणी रेडिओवर लागली. ती घरोघरी गुणगुणली जाऊ लागली. आई मात्र एकाही कार्यक्रमाला आली नाही. दुकान बंद असताना मालक आला तर?

आणि तो आलाच. पांढऱ्या केसांचा, काठी टेकत.

"रेडिओवर खोकला ऐकला," तो म्हणाला, "आणि ओळखला."

भिंगरीचा चेहरा उतरला. आईने मला पुसून त्याच्या मांडीवर ठेवलं. "ठिगळं आमची, बाकी सगळं तुमचं."

म्हाताऱ्याने भाता ओढला. गाढव ओरडावं तसा आवाज निघाला. तो स्वतःच हसला.

"मला कुठलं येतंय! हा माझ्या बायकोचा. ती गेली, मग घरात बघवेना आणि विकवेनाही. पडद्यांचं नुसतं निमित्त होतं. पोरी, तुझ्याकडेच राहू दे."

आई धपकन स्टुलावर बसली. "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं? चौदा वर्षं दारावर थाप पडली, की मला वाटतंय, तुम्हीच आलात!"

मित्रांनो, कुणाची वस्तू सांभाळाल तर जिवापाड सांभाळा. पण जपायचं म्हणून तिला कोंडून ठेवू नका. फळीवर मी कधीच मेलो असतो.

त्या संध्याकाळी आईने प्रथमच दुकान लवकर बंद केलं आणि ती पहिल्या रांगेत येऊन बसली. टाळी कधी वाजवायची हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती गाण्याच्या मधेच वाजवत राहिली. तिला कुणी थांबवलं नाही.