मोना निघाली, पेटी राहिली

मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे हो, वाजायची! शिकलेली माणसं मला हार्मोनियम म्हणतात, पण कोल्हापुरात मी पेटीच, आणि मलाही तेच बरं वाटतं.

मित्रांनो, माझं माहेर मिरज. तिथल्या एका कारागिरानं सागवानी फळ्या तासून माझं अंग केलं, पितळेचा एकेक सूर, म्हणजे आतली पातळ पाती, कानाशी धरून घासला आणि पाठीला भाता बसवला. एका हातानं भाता मारायचा, दुसऱ्या हातानं पट्ट्या दाबायच्या, की मी बोलते. भाता थांबला की मी मुकी. मी स्वतःहून कधी एक सूरही काढू शकत नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे.

मिरजेहून मी कोल्हापूरच्या एका चर्चमध्ये आले. विजयसिंह मास्तर मला वाजवायचे. आठवडाभर ते शाळेत गणित शिकवत आणि रविवारी उपासनेला माझ्यापाशी बसत. काय दिवस होते ते! नाताळात तर मला दम खायला उसंत नसे. एकदा चंदगडच्या मेळाव्याला मास्तरांनी मला एसटीच्या टपावर चढवून नेलं. तिथल्या पावसानं माझ्या पट्ट्या अशा फुगल्या की एकदा दाबली की पट्टी वर यायलाच तयार नाही. मास्तरांनी मला चुलीशेजारी ठेवून शेकलं, आणि संध्याकाळी मी पुन्हा खणखणीत वाजले. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मास्तरांचंही केलं म्हणा.

मग मास्तर थकले आणि जयसिंगपूरला मुलाकडे राहायला गेले. त्यांच्या मागं मला वाजवणार कोण? कुणीच नाही! ‘मास्तर हायत की’ म्हणून सगळे इतकी वर्षं निवांत बसले होते. मग मंडळींनी माझी फार काळजी घेतली. मखमली कापडात गुंडाळलं आणि कपाटावर ठेवून दिलं. धूळ बसू नये म्हणून, बरं का! धूळ बसली नाही, पण उंदरांनी माझा भाता कुरतडून खाल्ला. खाली लोक बिनपेटीचे गात राहिले. अवघड चालीची गाणी आधी मागं पडली, मग सोपीही पडली. मला वरून सगळं ऐकू यायचं आणि रडावंसं वाटायचं, पण रडायलाही भाता लागतो.

ते कापड काढलं मोनानं, आमच्याच चर्चमधल्या एका पोरीनं. तेव्हा ती शाळेत होती. तिनं चर्च सांभाळणाऱ्या पाळकसाहेबांची परवानगी काढली, मला दुरुस्तीला नेलं, दर शनिवारी जयसिंगपूरला जाऊन मास्तरांकडून धडे घेतले, आणि मी पुन्हा बोलू लागले. पोरीच्या अंगात जिद्द पहिल्यापासूनची.

आता तुम्हाला बायडाबाई अक्कांची ओळख करून द्यायलाच हवी. अक्का आमच्या चर्चमधल्या सगळ्यात वयस्क. प्रत्येक गाणं त्याच उचलतात. जगात सगळीकडं आधी पेटी सूर देते आणि मग माणसं गातात. आमच्याकडं उलटं. पाळकसाहेबांनी गाण्याचं नाव घेतलं रे घेतलं की अक्का डोळे मिटून सुरू, वर किंवा खाली, त्यांच्या मनाला येईल तिथून. मग पेटीनं त्यांच्या मागं धावत सुटायचं. आधी पेटीचा सूर ऐका, असं अक्कांना सांगायची कोल्हापुरात कुणाची छाती नाही. पण मोना अशी तयार झाली होती की अक्कांचा दुसरा शब्द संपायच्या आत तिचं बोट नेमक्या पट्टीवर पडायचं.

मोना मोठी झाली, दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला लागली. रोजचा सराव करायला मला घरीच ठेवायची, त्यामुळं त्या घरातलं सगळं मला ठाऊक. घरात दोघंच. मोना आणि तिचे पप्पा बाळासो. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोरला भाऊ विश्वजित पुण्याला नोकरीला गेला, तो आता फक्त नाताळाला तोंड दाखवतो. बाळासो शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत काम करतात, वाळूचे साचे भरायचं. हात कसले, खोऱ्यासारखे.

एका संध्याकाळी मोनानं जेवताना विषय काढला. फिलिपाईन्समध्ये शिष्यत्वाचा, म्हणजे येशूचा शिष्य म्हणून जगायला शिकवणारा, कोर्स आहे, तिथंच राहायचं, सहा महिने. पहाटे उठून प्रार्थना, मग वर्ग, मग सगळ्यांनी मिळून भांडी घासायची, संडास धुवायचे, आणि शेवटी लांबच्या बेटांवर जाऊन लोकांची सेवा करायची. पगारातून तिनं सोय करून ठेवली होती, तिथून बोलावणंही आलं होतं. बाळासोंनी विचारलं, चर्चला तर रोज जातीस, आणखी काय शिकायचं राहिलंय? मोना म्हणाली, रविवारी पेटी वाजवते तेवढा वेळ मी येशूच्या मागं असते, सोमवारपासून काय करायचं ते मला नीट कळत नाही.

बाळासोंनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, “मासे धरणारी दोन पोरं जाळं तिथंच सोडून प्रभूच्या मागं गेली म्हणून पाळकसाब लई रंगवून सांगत्यात. त्यांचा बाप होडीतच ऱ्हायला. त्याचं पुढं काय झालं, कुणी सांगतंय व्हय?”

मोना ताटं उचलून घासायला बसली. 

दुसरा अडसर चर्चमध्ये निघाला. त्या कोर्सला नुसतं आपल्या मनानं जाता येत नाही, आपल्या मंडळीनं, म्हणजे आपल्या चर्चनं, आशीर्वाद देऊन पाठवावं लागतं. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांची बैठक भरली. मोनाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती, पण माझ्यावरून गाडं अडलं. मास्तर गेल्यावर काय दशा झाली होती, ते सगळ्यांना आठवत होतं. शेवटी पाळकसाहेबांनी सांगितलं, की तुझ्या जागी वाजवणारं माणूस तयार कर, मग आम्ही आनंदानं पाठवू. नाहीतर पुढच्या वर्षी बघू.

खरं सांगते, मित्रांनो, मला ते मखमली कापड पुन्हा डोळ्यांपुढं दिसू लागलं. मोना गेली तर मी पुन्हा कपाटावर. थांबली तर तिचं मन मोडणार. मला वाजायचं तर होतंच, पण तिला अडकवून नको होतं.

मोना कामाला लागली. तरुण पोरांना बोलावलं. पोरं आली, मला बघितलं, ‘कीबोर्ड असता तर शिकलो असतो’ म्हणाली आणि गेली. एक बाई आल्या, भाता मारून त्यांचा खांदा धरला. जायचा दिवस जवळ येत होता आणि माझ्यापाशी बसायला कुणी नव्हतं. एके दिवशी मोना दवाखान्यातून आली ती माझ्यावर डोकं टेकून बसली. मला वाटलं, हरली बहुतेक. पण ती उठली आणि सरळ बाळासोंपुढं जाऊन उभी राहिली.

“पप्पा, त्या दिवशी विचारलं होतं ना, त्या बापाचं काय झालं? तो होडीत राहिला म्हणून तर होडी बुडाली नाही.”

बाळासोंनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आंघोळ करून आले, दाराला कडी लावली, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून, आणि माझ्यापुढं मांडी घातली.

“शिकीव,” म्हणाले.

अरे देवा! काय सांगू त्या पहिल्या दिवसांचं! बाळासोंचं एक बोट पडलं की दोन पट्ट्या दबायच्या. भाता मात्र असा मारायचे की मिरजेच्या कारागिरानं टाळ्या वाजवाव्या. मोना म्हणायची, पप्पा, ही भट्टी नाही, हळू. मग तिनं एक युक्ती काढली. लाल नेलपॉलिश आणलं आणि ज्या पट्ट्या दाबायच्या त्यांवर ठिपके दिले. या वयात मला नेलपॉलिश! मी लाजेनं चूर. पण ठिपके बघून बाळासोंचं बोट जागेवर पडू लागलं, आणि बघता बघता मोजकी गाणी बसली. बाळासो खूश, मोना खूश. एका रविवारी तिनं त्यांना उपासनेत बसवलं.

पाळकसाहेबांनी गाण्याचं नाव घेतलं. बाळासोंनी ठिपक्यांवर बोटं ठेवली. आणि अक्कांनी उचललं, ते भलतीकडूनच!

ठिपके राहिले एका टोकाला, अक्का दुसऱ्या. बाळासो मान खाली घालून ठिपकेच वाजवत राहिले, लोक अक्कांबरोबर गात राहिले, आणि मधल्या मध्ये मी अशी बेसूर ओरडले की मागच्या बाकावरचं तान्हं मूल दचकून रडायला लागलं. बाळासो उपासना संपायच्या आधीच उठून गेले. घरी येऊन म्हणाले, हे माझं काम न्हवं. एक पंच म्हणाले, अक्कांनाच सांगा की पेटीच्या पट्टीत गा म्हणून. मोनानं साफ नकार दिला. अक्का आयुष्यभर मनापासून गात आल्या, आता त्यांना अडवायचं नाही, आपण त्यांना शोधायला शिकायचं, असं तिचं म्हणणं.

ती नेलपॉलिश पुसायचं रिमूव्हर आणि चिंधी घेऊन बसली आणि माझे ठिपके पुसून काढले. एक राहिला, पट्टीच्या कडेच्या फटीत गेलेला. मग नवा धडा सुरू झाला. मोना भाजी चिरताना, केर काढताना कुठूनही गाणं उचलायची आणि बाळासोंनी हळू आवाजात पट्टी हुडकायची. अक्कांचा सूर बहुतेक तीन ठिकाणी असतो, माझ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजून सांगायचं तर काळी चार, काळी पाच, नाहीतर थंडीत पांढरी पाच. तिन्ही ठिकाणांहून बोटं कशी टाकायची ते तिनं घोटून घेतलं. बाळासो चिडायचे, उठून जायचे, तोंडावर पाणी मारून परत येऊन बसायचे. तो हट्ट लेकीनं कुणाकडून उचलला, ते मला तेव्हा कळलं.

निरोपाचा रविवार आला, पण बाळासोंची पेटी ऐकल्यावरच पंच शेवटचा होकार देणार होते. बाळासो माझ्यापाशी. मोना समोरच्या बाकावर, लोकांत. पाळकसाहेबांनी तिचं नाव घेऊन प्रार्थना केली, वडीलधाऱ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवले. मग पाळकसाहेबांनी गाण्याचं नाव घेतलं. अक्कांनी डोळे मिटले, पण आवाज निघेना. पोरीला लहानाची मोठी होताना बघितलेली म्हातारी ती, पदर डोळ्यांना लावला. शेवटी त्यांनी उचललं ते इतकं खाली, की त्या तिन्ही ठिकाणी नव्हतंच. पांढरी तीन. तिथं बाळासो कधी गेलेच नव्हते.

त्यांची बोटं थांबली. एक पट्टी दाबली, चुकली. दुसरी दाबली, तीही चुकली. मागून कुणीतरी घसा खाकरला. मोना बाकावरून अर्धी उठली. चार पावलं आली असती तर सगळं सावरलं असतं, आणि तिचं जाणंही तिथंच संपलं असतं. तिनं बाक घट्ट धरला आणि खाली बसली.

बाळासोंनी डोळे मिटले. तिसऱ्यांदा बोट पडलं, आणि मी अक्कांच्या आवाजात मिसळून गेले. त्यांनी ते बोट हलवलंच नाही. पहिलं कडवं सगळं त्यांनी एकाच सुरावर धरून ठेवलं, भाता संथ, एकसारखा. दुसऱ्या कडव्याला शेजारचं बोट चाचपडत निघालं. शेवटच्या कडव्याला ती चाल होती, मोडकीतोडकी, पण होती. आणि चर्च असं गात होतं, की मास्तरांच्या वेळीसुद्धा मी तसं ऐकलं नव्हतं.

उपासना झाल्यावर अक्का काठी टेकत माझ्यापाशी आल्या. म्हणाल्या, “बाळासो, मी हरवले व्हते की रं. तू बरं हुडकलंस.”

पंचांनी त्याच दुपारी मोनाला पाठवायचं पक्कं केलं. निघताना तिनं माझ्यावर हात फिरवला आणि पप्पांना सांगितलं, “हिला कापडात गुंडाळू नका.” बाळासोंनी मान हलवली. 

आता मोना फिलिपाईन्सला आहे. रविवारी सकाळी तिचा फोन येतो. बाळासो सांगतात, नंतर कर, मला उपासनेला जायची घाई हाय.  मग मला स्कूटरवर बांधून निघतात. कडेला राहिलेला तो नेलपॉलिशचा ठिपका त्यांनी अजून पुसलेला नाही, आणि मीही आता लाजत नाही.

मित्रांनो, तुमच्याकडं माझ्यासारखी कुणी जुनी असेल, पेटी असो, तबला असो, नाहीतर शिवणयंत्र, तर तिला नुसती झाकून जपू नका, वापरून जपा. आणि तिला वापरणारं माणूस दूर जायला निघालं, तर त्याचा रस्ता अडवू नका. ते जायच्या आत त्याच्या शेजारी मांडी घालून बसा. बोटं मोठी असली तरी चालतात.

बरं, आता पुरे. पाळकसाहेब उभे राहिले, अक्कांनी डोळे मिटले. आज कुठून उचलतील ते देवालाच ठाऊक. बाळासोंनी भात्यावर हात ठेवलाय.