चौदा बाटल्या

मेडिकलच्या प्रवेशासाठी शंभर तास सेवेचं पत्र लागत होतं, आणि माझे शहाण्णव भरले होते. आज शनिवार, पत्र सोमवारी द्यायचं. घरी आईने तर मला आत्ताच ‘डॉक्टरीणबाई’ करून टाकलं होतं. चार तास नीट वाग म्हणजे झालं, असं स्वतःला बजावत मी वॉर्डात शिरले.

वॉर्ड म्हाताऱ्या पुरुषांचा, चौदा खाटांचा. उशा सारख्या करायच्या, पेपर वाचून दाखवायचा आणि सिस्टरांच्या पायात यायचं नाही, एवढंच माझं काम. सिस्टर भारी कडक. त्यांची चाहूल लागली तरी मी सारख्या केलेल्या उशा पुन्हा सारख्या करायला लागायचे.

प्रत्येक खाटेशी पाण्याची बाटली असते. त्या दिवशी सगळ्या अर्ध्यामुर्ध्या दिसल्या आणि माझ्या अंगात सेवा संचारली. चौदाच्या चौदा काठोकाठ भरल्या, लांबून एकदा बघितल्या आणि स्वतःवरच खूश झाले.

बारा वाजता सिस्टर तक्ता घेऊन आल्या. कोपऱ्यातल्या खाटेवरच्या टेलरकाकांची बाटली बघून म्हणाल्या, "सकाळपासून घोटभरही नाही? मग सलाईन लावावंच लागणार."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. सकाळी सातला बाटल्या भरायच्या आणि बाराला उरलेलं पाणी बघून कोण किती प्यायलं ते लिहायचं, अशी त्यांची रीत होती. मी सगळ्यांची सकाळ पुसून टाकली होती.

टेलरकाकांची वाचा गेलेली. जन्मभर सुई हातात धरलेला हा माणूस, पण स्वतःला टोचून घेताना डोळे घट्ट मिटायचा. दोन्ही हात टोचून टोचून काळेनिळे झालेले. ते जोरजोरात मान हलवायला लागले.

"काका, लहान मुलासारखं करू नका," सिस्टर म्हणाल्या.

काकांनी माझ्याकडे बघितलं. बाटली भरताना त्यांनी मला पाहिलं होतं.

खोटं कशाला बोलू, मी गप्प राहिले. सिस्टरांनी दंडाला पट्टा बांधला, तरी गप्प. शीर सापडली, काकांनी डोळे मिटले, आणि मला माझीच किळस आली.

"सिस्टर, थांबा! बाटल्या मी भरल्या. सगळ्या."

सिस्टरांनी सुई बाजूला ठेवली.

"यांच्या बाटलीत किती होतं?"

"तळाला दोन बोटं. हिलाच भरायला सगळ्यात जास्त वेळ लागला, म्हणून लक्षात आहे."

सिस्टरांनी पट्टा सोडला. मग मला खाटोखाट फिरवून प्रत्येकाला किती प्यायलात ते विचारायला लावलं. एका आजोबांनी बादलीभर सांगितलं, तेही मी मुकाट लिहून घेतलं.

"आजचे चार तास धरणार नाही," निघताना सिस्टर म्हणाल्या. "उद्या सातला ये. बाटल्या तूच भर."

रविवारी अकराला त्यांनी पत्र हातात ठेवलं. घरी आईने ते वाचलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, यात तुझी चूक लिहिलीय! असलं पत्र कोणी देतं का?"

मी ते तिच्या हातातून घेतलं आणि फाइलमध्ये सगळ्यात वर लावलं. दोनच ओळी होत्या: ‘हिने शंभर तास काम केले. एकदा मोठी चूक केली, आणि ती मला शोधावी लागली नाही.’