टबाखालचा दीड इंची ट्रॅप

मित्रांनो, मी एक जुना ट्रॅप आहे. म्हणजे बाथटबाखाली बसवलेला, मानेत वाक असलेला पितळी पाईप. रुंदी दीड इंच. त्या वाकात कायम घोटभर पाणी धरून ठेवायचं, म्हणजे गटाराचा वास घरात येत नाही. हे माझं काम. सव्वीस वर्षं केलं. पूर्ण अंधारात.

केस आले, साबणाचे तुकडे आले, एकदा खेळण्यातल्या गाडीचं चाक आलं. सगळं गिळलं. कौतुक झालं ते एकदाच. घरातल्या आजीची अंगठी वाहून आली आणि मी ती वाकात अडवली. आजोबांनी टबाच्या बाजूचं झाकण उघडून ती काढली आणि म्हणाले, "शाबास रे पठ्ठ्या!" पुढची कितीतरी वर्षं मी त्याच शब्दांवर काढली. नंतर कुणी डोकावलंसुद्धा नाही.

मग आजोबा पडले. टबाची कड ओलांडताना पाय अडकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, पाय उचलून टबात जायचं नाही, आणि पुन्हा पडलात तर उठणं अवघड आहे.

आजोबा रविवारी घरी येणार होते. त्याआधी टब काढून तिथे सपाट जमिनीचा शॉवर करायचा होता. बुधवारी प्लंबर आला.

टब उचलला आणि माझ्यावर पहिल्यांदाच पुरता उजेड पडला. प्लंबरने मला पान्ह्याने ठोकून बघितलं. टण्ण!

"अस्सल पितळ आहे साहेब. असा माल आता मिळतो कुठे! ह्याला हात लावायला नको. वर नवी जाळी बसवतो, आजच कोबा करून टाकू."

आजोबांचा मुलगा खूश झाला. "करा करा. बाबा यायच्या आत वाळलं म्हणजे झालं."

खोटं कशाला बोलू, मीही फुगलो. पण मग ती नवी जाळी डोक्यावर बसली. जाळीचं तोंड हे एवढं मोठं. खाली माझा गळा मात्र तोच.

मित्रांनो, मला माझी लायकी माहीत होती. मी पाणी हळूहळू प्यायचो. उरलेलं टबात थांबायचं, घोट्याएवढं. टबाला भिंती होत्या म्हणून माझं पितळ कधी उघडं पडलं नाही. आता भिंतीच नव्हत्या. साबणाचं पाणी तुंबणार ते थेट आजोबांच्या पायाखाली.

प्लंबरने घमेल्यात सिमेंट कालवलं. पहिली थापी माझ्या खांद्यावर पडली. मग दुसरी. गार, जड. एकदा कोबा झाला की मी कायमचा आत. आणि मला ओरडता येत नाही.

तेवढ्यात आजी चहा घेऊन आली. दारातच थबकली.

"अहो भाऊ, टबात घोट्याएवढं पाणी साचायचं. ते आता कुठे साचणार?"

"साचणारच नाही आजी. नवी जाळी आहे ना!"

"जाळी नवी. खालचा कोण आहे?"

"आई, त्यांना त्यांचं काम करू दे ना," मुलगा वैतागला.

"करू दे की. आधी शॉवर सोडा पाहू. पूर्ण. मी चहा धरून उभी आहे."

प्लंबर हसला. नळ फिरवला.

मी जीव खाऊन पाणी ओढलं. मला राहायचं होतं हो! पण ओढून ओढून किती ओढणार? दोन मिनिटांत जाळी बुडाली. चौथ्या मिनिटाला पाणी उंबऱ्याशी पोचलं आणि आजीच्या चपला भिजल्या. ती हलली नाही.

प्लंबरने नळ बंद केला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "पितळ बघून भुललो. शॉवरला दोन इंची लागतो. पुढचा पाईपसुद्धा. मोठ्या लाईनपर्यंत फोडावं लागेल. मंगळवार उजाडेल."

"मंगळवार? अहो, बाबा रविवारी येतायत!"

"येऊ देत," आजी म्हणाली. "दोन दिवस अंग पुसून देईन मी. पण पुन्हा पडले तर त्यांना उभं कोण करणार, तू की मी?"

प्लंबरने छिन्नी उचलली.

दुखलं. सव्वीस वर्षांची जागा सुटताना दुखतंच.

आज मंगळवार. मी बाथरूमबाहेर भंगाराच्या पिशवीत आहे. आत आजोबा खुर्चीवर बसून आंघोळ करतायत. माझ्या जागेवरचा दोन इंची गडी गटागट पाणी पितोय. आवाज इथवर येतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. पण जपायचं म्हणजे जमिनीखाली त्यांचं काय चाललंय ते वाकून बघायचं. आम्ही थकलो, कमी पडायला लागलो, तर जीव लावूनच बाजूला करा. फरशी घालून झाकू नका. आमच्यावर कुणीतरी पाय ठेवणार असतो.

"झालं का हो?" दाराबाहेरून आजीने विचारलं.

"झालं गं. टॉवेल दे. आणि आत ये बिनधास्त, कोरडं आहे."