हरिचंद्रचा गुडघा आणि मी

मी एक जुनी वीट आहे, आणि भिंतीत आयुष्य काढणाऱ्या विटांसारखी मुकी नाही. मित्रांनो, माझे बोलणे टोचेल. टोचू दे.

माझा जन्म बदलापूरच्या भट्टीवर झाला. नदीकाठची माती, त्यात भाताचे तूस, आणि वर आग. भट्टीत माझी जागा अगदी मधोमध होती, म्हणून मी जास्त भाजले. काळी पडले, दगडासारखी झाले. गिऱ्हाईक म्हणाले, "ही खंगर आहे, काढा." बाजूच्या माझ्या गोऱ्यागोमट्या बहिणी गाडीत बसून गेल्या. पाच पावसाळ्यांत त्यांची भुकटी झाली असेल. मी अजून आहे.

टाकलेल्या ढिगातून मला चिखलोलीच्या काशीने उचलले. ती भट्टीवर विटा वाहायची. नवरा लवकर गेला, एकच मुलगा, हरिचंद्र. काशीच्या तोंडाला गावात कोणी लागत नसे. मला डोक्यावर ठेवून तिने घरी आणले आणि दाराशी टाकले. हरिचंद्रने मला दुसऱ्या दिवशी मैदानात नेले. एकीकडे मी, दुसरीकडे त्याची चप्पल. आमच्या मधून बॉल गेला की गोल. चप्पल वाऱ्याने उडायची, मी कधी हलले नाही. त्याचा अंगठा पहिल्यांदा फुटला तो माझ्यावरच. मी त्याला नेम शिकवला, असे मी म्हणते. कोणाला खोटे वाटत असेल तर त्याने दुसरे काही म्हणावे.

पोरगा पुढे फुटबॉलमध्ये फॉरवर्डला खेळू लागला. अंबरनाथच्या एका रंगाच्या कंपनीने त्याला टीमसाठी कामावर घेतले. सकाळी ड्रम उचलायचे, दुपारी गोल मारायचे. दोन वर्षांनी कंपनीने टीमच बंद केली. मग औषधाची कंपनी, मग मुंबईचा एक क्लब, मग आणखी कोणी. बारा वर्षांत सात जर्सी. प्रत्येक ठिकाणी एकच बोली, "सीझनपुरता." गोल झाला की खांद्यावर घ्यायचे, सीझन संपला की नाव विसरायचे. त्याचा फोटो पेपरात एकदा आला, तोही पाठमोरा.

या बारा वर्षांत त्याला कोणी सांभाळले? मी. मॅचहून आला की काशी मला चुलीत तापवायची, फडक्यात गुंडाळायची आणि त्याच्या पोटऱ्यांवर, मांड्यांवर फिरवायची. मी ऊब धरून ठेवते. जास्त भाजलेल्याला तेवढे जमते. काशी शेजारच्या शालनला सांगायची, "डॉक्टर काय करतील? माझी वीट बघ." मी फुगायचे.

हरिचंद्र एकतीस वर्षांचा झाला तेव्हा मुंबईच्या एका बँकेने त्याला घेतले. त्यांचा साहेब म्हणाला, "रविवारची सेमीफायनल खेळ, गोल मार. तुझी परमनंट नोकरी मी करून देतो." मित्रांनो, परमनंट हा शब्द त्या घरात आधी कधी आला नव्हता. काशीने तो दिवसभर तोंडात ठेवला.

गुरुवारी प्रॅक्टिसमध्ये त्याचा गुडघा मुरगळला. घरी आला तो लंगडत, गुडघ्यावर बर्फाची पिशवी बांधून.

"हे काय बांधलंस?" काशी म्हणाली.

"टीमच्या मालीशवाल्यानं दिलंय, आये. दोन दिवस बर्फच लावायचा, बोलला."

"तो तुझी आय हाय का? गारठ्यानं सांधा धरतो, मेल्या. आन तो इकडं."

"नको गं. तो बोलला, शेकायचं नाय."

"बारा वर्सं कोनी शेकलं तुला? त्यानं?"

हरिचंद्रने पाय पुढे केला. बर्फ अंगणात फेकला गेला, कोंबड्यांनी चोच मारून बघितला. मला चुलीत सारले. त्या दिवशी मी लालबुंद झाले होते, माझ्या ताकदीच्या घमेंडीत होते. ताज्या सुजेवर मी तीन दिवस, दिवसातून चार वेळा बसले. सूज माझ्याखाली वाढत होती, मला कळत होते. मी काय गार होणार होते?

रविवारी गुडघा नारळाएवढा झाला. तरी तो उतरला. अकरा मिनिटे खेळला आणि गोलासमोर एकटा असताना पडला. परत उभा राहिला नाही.

महिन्याने त्याच्याबरोबर खेळणारा चंदू भेटायला आला. दोघे अंगणात बसले, मी पायाशी होते.

"त्या दिवशी दवाखान्यात डॉक्टर विचारत होता, ताज्या मारावर शेक कोणी दिला?" चंदू म्हणाला. "तू बोललास, मीच दिला. खरं काय?"

"हळू बोल. ती घरात हाय."

काशी दाराच्या आतच तांदूळ निवडत होती. तिचा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा सुपात फिरू लागला. नंतर ती गावभर सांगत फिरली, "त्या बर्फानं माझ्या पोराची वाट लावली." हरिचंद्रने ते कधी खोडले नाही.

परमनंट कोणी झाले नाही. तो उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात कापडाच्या दुकानात गठ्ठे मोजायला लागला. गठ्ठे उचलणे जमत नव्हते, म्हणून मोजणे. मला पाण्याच्या पिंपाखाली सारले. चार वर्षे अंगाला शेवाळ घेऊन पडले. मला वाईट वाटले नाही, असे मी सांगणार नाही.

मग एक दिवस काशी अंगणात घसरली. गुडघा धरून ओरडली, "हरिचंद्र, माझी वीट आन."

त्याने पिंप सरकवले. मला बाहेर काढून धुतले, तापवले, फडक्यात गुंडाळले. लंगडत तिच्याजवळ आला, खाली बसला. मला मात्र टेकवले नाही. आपला तळवा तिच्या गुडघ्यावर ठेवून विचारले, "आये, सूज ताजी हाय का जुनी?"

गावाला पुरून उरलेली ती बाई. तिने त्याच्या गुडघ्याकडे बघितले, मग माझ्याकडे. मी त्याच्या हातात तशीच गार होत गेले.

मित्रांनो, माया माझ्यासारखीच असते. तापली की तिला दुसऱ्याचे दुखणे दिसत नाही, स्वतःची ऊब तेवढी दिसते. ज्याला सांभाळायचे, त्याला आधी विचारा. त्याने "नको गं" म्हटले, तर ऐका. आम्ही दोघींनी ऐकले नाही.